पुस्तकांचं नवंजुनं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला पोपडे आले. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपत होतं आणि वाट काढत नेमकं माझ्या पुस्तकांच्या कपाटामागून खाली उतरत होतं. नाशिकचा पाऊस, भिंत आठ दिवस ओलीच. वॉटरप्रूफिंगवाला आला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, कपाट हलवल्याशिवाय हात लावता येणार नाही. कपाट हलवायचं म्हणजे आधी रिकामं करायचं. दोन तास त्याच्या हाताखालची दोन पोरं पुस्तकं दिवाणावर, जेवणाच्या टेबलावर, पलंगाखाली ठेवत होती. शेवटी त्यातल्या एकाने विचारलं, "वहिनी, दुकान होतं का तुमचं?"

आतून नवऱ्याचा आवाज आला, "होतं नाही, आहे. फक्त विक्री बंद आहे."

खालचा खण भिजला होता. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पुस्तकं पाण्यात गेली की संपलीच म्हणायची. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. लेकीच्या लहानपणीचं प्राण्यांचं एक चित्रमय पुस्तक तसं गेलं. साध्या कागदाची मात्र वाचतात. पुस्तक उभं करून पानं पंख्याखाली पसरायची, मधेमधे वर्तमानपत्राचे कागद घालायचे आणि ते दर दोन तासांनी बदलायचे. सासूबाईंचं म्हणणं होतं, गच्चीवर उन्हात घाल, तासाभरात कडकडीत होतील. एक घातलंही. ते खरोखरच पापडासारखं वाकडं होऊन आलं, अजून मिटत नाही. त्या दिवसानंतर बाकीची सावलीतच.

त्या निमित्ताने कसरही दिसली. चंदेरी, चपळ, उजेड पडला की सांदीत पळणारी. तिला कागदापेक्षा खळ आवडते, म्हणून पुठ्ठ्याच्या कडा आणि बांधणीचे कोपरे आधी जातात. गंमत म्हणजे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सिन्नरच्या एका बाइंडरकडून बांधून घेतलेली जुनी पुस्तकं शाबूत होती. तो खळीत मोरचूद घालायचा, अण्णा समोर बसून घालायला लावायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या बांधणीला कसर शिवली नव्हती आणि परवा घेतलेल्या पुस्तकांचे कोपरे तिने कुरतडले होते.

भिंत वाळेपर्यंत नऊ दिवस आम्ही जमिनीवर बसून जेवलो. पुस्तकं अशी डोळ्यांसमोर पसरली की मोजावीशी वाटतातच. त्यातून माझा पेशा लेखापरीक्षणाचा. एका सहकारी बँकेत अंतर्गत लेखापरीक्षण विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळतो, तेव्हा आपल्या घरात शोधायला हरकत नव्हती. रविवारी सकाळी कापडी बांधणीचं एक जाड रजिस्टर घेऊन बसले.

आधी एक नियम ठरवला. तीस पानांच्या आत सोडलेलं पुस्तक न वाचलेलंच धरायचं. याच्या उलटही एक भानगड होती. पूर्ण वाचलेलं, पण आता त्यातलं अक्षरही आठवत नाही, अशा पुस्तकांचं काय करायचं? न वाचलेलं पुस्तक म्हणजे माझ्या लेखी थकलेलं कर्ज; ही मात्र परतफेड झालेली धरली, नाहीतर आकडा हाताबाहेर गेला असता. रात्री साडेदहाला बेरीज आली: एकूण ६१४, न वाचलेली ३७१. दिवाळी अंक मोजले नाहीत. मोबाइलमधल्या पीडीएफ तर मुळीच नाहीत, त्या मोजायला बसणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर बसावं.

कर्जखात्यांचा नियम साधारण असा आहे की हप्ता किंवा व्याज ९० दिवस आलं नाही की खातं अनुत्पादक. तसंच आणखी वर्षभर राहिलं की संशयित, आणि काहीच हाती लागायची आशा उरली नाही की बुडीत. माझ्याकडच्या ३७१ पैकी ९० दिवसांच्या आत आलेली ९. वर्षाच्या आतली आणखी ३८. उरलेली ३२४ एक वर्षाहून जुनी, त्यातली काही तर लग्नाआधीपासूनची. बँकेचा असा ताळेबंद निघाला असता तर दुसऱ्या दिवशी दारात प्रशासक उभा राहिला असता.

मग गेल्या वर्षभराची आवक-जावक काढली. विकत ४४ आणि भेट म्हणून ११, अशी ५५ आली. घरच्या पुस्तकांपैकी मी वाचली १९, त्यातली ८ नवी आणि ११ जुनी. नवीन एकही आणलं नाही तरी या वेगाने ३७१ संपायला साडेएकोणीस वर्षं लागतील. मी पन्नास वर्षांची आहे. सत्तरीत डोळे कसे असतील, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला आणि मी रजिस्टर मिटून चहा करायला गेले.

असं नाही की आधी काही केलंच नव्हतं. "एक वाचल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही" ही शपथ मी निदान चारदा घेतली आहे. सगळ्यात जास्त टिकली ती १९ दिवस. मग २७ फेब्रुवारी आला, कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि कुसुमाग्रजांच्याच गावात राहून त्या दिवशी सवलतीत पुस्तक घ्यायचं नाही म्हणजे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. एकदा वर्षात पन्नास पुस्तकांचा संकल्प केला. नोव्हेंबरात आकडा गाठण्यासाठी पातळ पुस्तकं शोधू लागले, तेव्हा तो सोडला. ते सगळे उपाय वसुलीचे होते, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आणून दिलं रजिस्टरातल्या एका रकान्याने. दाखल क्रमांक, नाव, कधी आलं, किती पानं वाचली, शेरा, हे रकाने सुचणं साहजिक होतं. "कसं आलं" हा रकाना मात्र निव्वळ हाताच्या सवयीने पडला. कर्जाच्या तपासणीत आम्ही उद्देश आणि मंजुरीचा आधार पाहतो, तसाच. तीन रविवार त्यातच गेले, कारण कित्येक पुस्तकं कशी आली हे आठवायला पहिल्या पानावरची तारीख, आतली पावती, कधी नुसता वास आधाराला घ्यावा लागला.

आणि मग बेरजा पडल्या. प्रदर्शनातून सवलतीत आणलेली न वाचलेली पुस्तकं १२८. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून मिळालेली १९. सप्रेम भेट ६३. रद्दीच्या दुकानातून आणि रस्त्यावरून "वाचवलेली" ४१. अण्णांची ८४. आणि २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशकातच आडगावला साहित्य संमेलन भरलं होतं, तिथली १४. संमेलनाध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते, तोंडावर मास्क होते, तरी पुस्तकांच्या गाळ्यांत गर्दी मावत नव्हती. दोन वर्षं घरात कोंडल्यावर मी त्या दिवशी भुकेल्यासारखी १७ पुस्तकं घेतली. साडेतीन वर्षांत वाचली तीन.

उरली एकेकटी, पूर्ण किमतीला, ठरवून जाऊन घेतलेली. कुणीतरी सांगितलं, किंवा एखादा उतारा वाचला, दोन दुकानं पालथी घातली, मिळालं नाही म्हणून मागवलं, अशी. ती आजवर ११८ आली. त्यातली न वाचलेली फक्त २२.

हा आकडा मी तीनदा तपासला. पुस्तक जाड आहे की पातळ, कादंबरी आहे की इतिहास, चांगलं आहे की सुमार, यावर काहीच अवलंबून नव्हतं. ते घरात कसं आलं यावर ते वाचलं जाईल की नाही हे जवळजवळ ठरत होतं. प्रदर्शनात मी पुस्तक घेत नव्हते, तीस टक्के घेत होते. हजाराच्या खरेदीवर कापडी पिशवी मिळते म्हणून ८६० वर थांबलेली बाई आणखी दीडशेचं काहीतरी शोधायला परत आत जाते, ती मीच. इतकी वर्षं मी थकबाकीच्या नावाने रडत होते आणि दोष मंजुरीत होता. अहवालात आम्ही एक ठरलेलं वाक्य लिहितो: मंजुरीपूर्व पाहणी समाधानकारक आढळली नाही. ते मी त्या पानाखाली लाल शाईने लिहिलं.

बँकेच्या ग्रामीण शाखांत काम केलेल्या कुणालाही "नवंजुनं" हा शब्द सांगावा लागत नाही. पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडायचं असतं. शेतकऱ्याकडे पैसे नसतात. मग कुठूनतरी चार दिवसांसाठी रक्कम उभी करून जुनं खातं बंद होतं, लगेच नवं कर्ज मंजूर होतं, त्यातून ती उसनवारी फिटते. कागदावर वसुली झालेली असते. घरात रुपया आलेला नसतो, खऱ्या अर्थाने गेलेलाही नसतो, नुसती तारीख पुढे गेलेली असते. गावाकडे म्हणतात, "सोसायटीचं नवंजुनं केलं."

माझ्या कपाटात मला तेच दिसायला लागलं. काही वर्षांपूर्वी ठरवलं की शास्त्रीय गाणं जरा समजून ऐकायचं. रागदारीवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला. पंधराव्या पानावर अडले. न वाचल्याची टोचणी लागली, तर त्याहून सोपं पुस्तक आणलं. ते आणताना वाटलं, आता आपण मार्गाला लागलो. ते पडून राहिलं, तेव्हा एका गायकाचं चरित्र आणलं, मग आठवणींचा एक संग्रह, मग मुलाखती. पाच पुस्तकं झाली. प्रत्येक नव्या खरेदीने आधीच्या न वाचलेल्याची टोचणी बंद केली, म्हणजे जुनं खातं नव्या कर्जाने बंद केलं. गाण्याची समज होती तिथेच आहे. भूप आणि देशकारचे स्वर तेच, फरक त्यांच्या वागवण्यात आहे, एवढं पाठ झालंय. कानाला मात्र तो फरक अजून लागत नाही.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती ग्रंथपाल. तिने रंगनाथनांचा पाचवा नियम ऐकवला: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढणारच, त्यात अपराधी काय वाटून घ्यायचं? १९३१ साली शि. रा. रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, ते या लोकांना पसायदानासारखे पाठ असतात. मी तिला चौथा नियम काय म्हणून विचारलं. वाचकाचा वेळ वाचवा. "बघ," मी म्हणाले, "तू सोयीचा तेवढा सांगतेस." ती हसली आणि म्हणाली, "तुझ्या घरात वाचक एक आहे, संस्था नाही. तू चौथ्यापाशीच थांब."

आता अण्णांची ८४. इथे माझं गणित अडलं आणि बरेच दिवस अडून राहिलं.

अण्णा सिन्नरच्या शाळेत मास्तर होते. मास्तरांच्या पगारात त्यांनी मराठी विश्वकोशाचे खंड घेतले, येतील तसे, पंधरापर्यंत. पहिला खंड १९७६ साली आला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली काम चालायचं आणि अकारविल्हे एकेक खंड निघायचा. वीस खंड पुरे व्हायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. म्हणजे माझं सगळं लहानपण त्या वर्णमालेच्या अधेमधे गेलं. काही विचारलं की अण्णा आधी त्याचं पहिलं अक्षर बघायचे. कापूस विचारला तर खंड निघायचा, पाटावर उघडला जायचा, आणि उत्तर माझ्या समजेपलीकडे जाऊन बराच वेळ चालायचं. एकदा मी हत्तीबद्दल विचारलं. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "हत्ती यायला अजून वेळ आहे."

ते पंधरा खंड मी रजिस्टरात "न वाचलेले" म्हणून लिहिले होते. खंड उघडले तर मधेमधे कडुनिंबाची पानं, हात लावला की भुगा होणारी. अण्णांनीही ते सलग कधी वाचले नव्हते. ते वाचायचे नसतातच. सगळे मला सांगतात की विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट आहे, पंधरा खंडांची जागा मोकळी होईल. खरं आहे, मीही तिथेच बघते, हत्तीसुद्धा तिथेच वाचला. पण हे कर्ज नव्हे, ही ठेव आहे, आणि ठेव थकबाकीत दाखवणं ही लेखापरीक्षकाची चूक. ती मी दुरुस्त केली. विश्वकोशाचे १५ आणि शब्दकोश, म्हणींचे संग्रह वगैरे आणखी ११, अशी २६ पुस्तकं संदर्भ म्हणून वेगळी काढली. शिल्लक ३४५.

अण्णांच्या बाकीच्या पुस्तकांचा निर्णय मी केलेला नाही. सध्या ती त्यांची आहेत, असं धरलंय.

मग निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर काढून टाकणं. सरकारी कचेरीत मोडकी खुर्चीसुद्धा जडसंग्रह नोंदवहीतून रीतसर निर्लेखित करावी लागते, नाहीतर ती कागदावर कायम कुणाच्या तरी बुडाखाली असते. पुस्तकांचं तसंच. तीन आठवडे रोज संध्याकाळी दहा-बारा पुस्तकं हातात घेऊन एकच प्रश्न: आज दुकानात पूर्ण किमतीला दिसलं तर घेशील? नाही म्हटलं की बाजूला. प्रत्येकाची पहिली चार पानं मात्र वाचायची. चार पानांत सहा पुस्तकं निर्लेखनातून परत आली, त्यातलं एक तर मी त्याच रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

सगळ्यात अवघड सप्रेम भेट. बँकेच्या कार्यक्रमात आता पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतात. चांगली प्रथा आहे, फक्त देणारा ते वाचत नाही आणि घेणाराही. एकच पुस्तक मला तीन वेगवेगळ्या शाखांनी दिलं आहे. शिवाय ओळखीपाळखीतले कवी. स्वखर्चाने पाचशे प्रती काढलेल्या, घरात गठ्ठे, आणि भेटेल त्याला "सौ. ताईंना सप्रेम". ती सही असलेलं पान घेऊन पुस्तक बाहेर कसं सोडायचं? उद्या कवीला स्वतःचंच पुस्तक रस्त्यावर सापडलं तर? मी ब्लेडने सहीची पानं अलगद कापली आणि एका पाकिटात घालून ठेवली. पाकीट अजून आहे. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं तर बरं होईल.

एकूण ११२ निघाली. जवळच्या उपनगरातल्या एका वाचनालयात विचारलं, तर म्हणाले यादी द्या, समितीपुढे ठेवतो. महिन्याने त्यांनी १७ घेतली, सगळी लहान मुलांची आणि स्पर्धा परीक्षांची. आधी राग आला. मग तिथल्या देवघेवीच्या टेबलापाशी अर्धा तास उभी राहिले आणि वाचक काय मागतात ते ऐकलं. राग गेला. त्यांचं कपाट म्हणजे काही माझ्या अपराधी भावनेचं गोदाम नव्हतं.

उरलेली ९५ एका रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबलावर मांडली. "घेऊन जा" एवढीच पाटी. तासाभरात ६१ गेली. सी विंगमधले एक काका स्वतःच्याच कवितासंग्रहापाशी येऊन थबकले. माझ्या पोटात गोळा. त्यांनी पहिलं पान उलटलं, सही नव्हती. चेहरा एकदम उजळला. "म्हणजे हे तुम्ही विकत घेतलं होतं?" मी काय बोलणार? नुसती मान हलली, कशीही समजावी अशी. आता ते लिफ्टमध्ये भेटले की नव्या संग्रहाची बातमी देतात.

शेवटच्या ३४ चं वजन सात किलो भरलं. चौदा रुपये भावाने अठ्ठ्याण्णव रुपये आले. रद्दीवाला चिल्लर नाही म्हणून शंभराची नोट देऊन गेला. निर्लेखित केलं तरी वसुली थांबत नाही, हे तत्त्व असं दोन रुपयांनी सिद्ध झालं.

शिल्लक २३३.

पुढचं नियोजन असं काही फार शास्त्रीय नाही. पलंगाच्या उशाशी एक छोटी फळी आहे. तिच्यावर वीस पुस्तकं मावतात. ती "चालू खाती". वाचायचं ते त्यातलंच, बाकीचं कपाट बंद. एखादं पन्नास पानांपर्यंत जमलं नाही तर सोडायचं, खाली ठेवायचं, त्याची चर्चा करायची नाही. मार्च-एप्रिल माझे वर्षअखेरीचे, रात्री आकडेच दिसतात, तेव्हा फळीवर पातळ, तुकड्यातुकड्याने वाचता येईल असं काही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' वीस वर्षं कपाटात होतं, दरवेळी सुरुवातीपासून सलग वाचायला घ्यायचे आणि सुटायचं. त्यात मराठी महिन्यागणिक एकेक लेख आहे. मग सलग कशाला? श्रावणात श्रावण वाचला, भाद्रपदात भाद्रपद. गंगापूर रस्त्याने बँकेत जाताना त्या महिन्याची झाडं बघायची. हे पुस्तक मी वर्षभर वाचणार आहे आणि कुठल्याही संकल्पाच्या आकड्यात ते बसत नाही, याचा मला आनंदच आहे.

दिवाळी अंकांचा गठ्ठा वेगळाच रोग. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दरवर्षी चकल्यांबरोबर हा ढीग घरात आणतो. माझ्याकडे नऊ वर्षांचे होते. यंदा एकही विकत घेतला नाही. वाचनालयाची अंक-योजना घेतली, ठरावीक पैसे भरायचे आणि एकेक नेऊन परत करायचा. होळीपर्यंत जेवढे वाचून होतील तेवढे.

परत करायचा, हीच खरी मेख. सार्वजनिक वाचनालय नाशिकात १८४० पासून आहे आणि मी तिथली सभासद निदान पंचवीस वर्षं. तिथून आणलेलं पुस्तक मी जवळजवळ नेहमी वाचते, कारण त्याच्यावर तारखेचा शिक्का असतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना २००९ साली इथेच सुरू झाली. शंभर पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, काही महिन्यांनी ती जाते आणि दुसरी येते. पेट्या आता दुबईपर्यंत गेल्या आहेत. आमच्याकडे पेटी असायची तेव्हा मी पेटीतलं वाचायचे आणि मागे माझी स्वतःची पुस्तकं भिंतीला टेकून उभी असायची. ती कुठेही जाणार नव्हती ना.

म्हणून खरेदीवर मंजुरी आणली. एखादं पुस्तक घ्यावंसं वाटलं की चिठ्ठी लिहायची: कशासाठी हवं, कधी वाचणार, फळीवरचं कुठलं खाली उतरणार. चिठ्ठी तीस दिवस डब्यात. मग लेकीपुढे सुनावणी. ती दहावीत आहे, तिला आईला नाही म्हणण्याची संधी फार मिळत नाही, त्यामुळे ती हे काम मनापासून करते. "रागदारीची ओळख, सोप्या भाषेत" अशी एक चिठ्ठी होती. तिने वाचली आणि नुसतं गाण्याच्या पाच पुस्तकांकडे बोट दाखवलं.

जानेवारीअखेर चिठ्ठ्या झाल्या २७. आठ पुस्तकं विकत आली. सहा वाचनालयात मिळाली. तेरा चिठ्ठ्या तीस दिवसांनी उघडल्या तेव्हा माझ्याच अक्षरातली ती इच्छा मला ओळखू आली नाही. २३३ मध्ये ती आठ आणि चार सप्रेम भेटी मिळवल्या, तेरा वाचली, आठ सोडली. शिल्लक २२४.

हे लिहितानाच एक कबुली द्यायची आहे. मागच्या शनिवारी बँकेतून येताना प्रदर्शनाचा मंडप दिसला. नुसतं बघायला गेले. एका कोपऱ्यात तीस वर्षं छापलं न गेलेलं एक प्रवासवर्णन नव्या आवृत्तीत आलेलं होतं, अण्णांच्या तोंडी ज्याचं नाव असायचं ते. चिठ्ठी नव्हती. सवलत वीस टक्के होती आणि काउंटरवरच्या मुलाला मी म्हणाले, नको, छापील किंमत लाव. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि मालकाला हाक मारली. मालकाने बिल सवलतीतच केलं. संगणकात तसंच बसवलंय म्हणाला, बदलता येत नाही.

घरी आल्यावर रजिस्टरात नोंद केली. "कसं आलं" या रकान्यात काय लिहायचं ते ठरेना, तो मोकळा सोडलाय. वाचून चाळीस पानं झाली आहेत. भिंतीला, वरच्या कोपऱ्यात, परत थोडी ओल दिसते आहे.